आधीचा कुत्रा नव्या पिल्लावर सारखा गुरगुरतो, काय करायचं?

पहिले दोन-तीन दिवस बरे जातात. मोठा कुत्रा पिल्लाला हुंगतो, लांब जाऊन बसतो, घरचे व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. मग सोफ्याजवळ पहिली गुरगुर होते. कोणीतरी ओरडतं, मोठा गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात तेच, रात्री पलंगाखाली तेच. आठवडाभर ओरडून झालं की गुरगुर खरंच कमी होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि एका संध्याकाळी काहीही आवाज न करता तो थेट पिल्लाच्या अंगावर जातो. "अचानकच केलं हो त्याने," असं मग व्हेटला सांगितलं जातं.

अचानक काही झालेलं नसतं. गुरगुरून तो 'लांब हो' एवढंच सांगत होता. सांगितलं की ओरडा बसतो हे त्याला कळलं, म्हणून त्याने सांगणं सोडलं. पिल्लाचा त्रास होता तिथेच राहिला. खरं तर वाढला, कारण पिल्लू जवळ आलं की घरचे आपल्यावर खेकसतात हेही तो त्याच आठवड्यात शिकला.

आपल्याकडे मोठ्या भावंडाला "तू मोठा ना, समजून घे" म्हणायची सवय आहे आणि तीच कुत्र्यांनाही लावली जाते. मुलाला ते पटो न पटो, निदान कळतं तरी. कुत्र्याला त्यातलं काहीच कळत नाही. सोयीसाठी आपण मोठ्याला शेरू म्हणू आणि पिल्लाला बिट्टू. काम बिट्टूवर करायचं आहे. शेरूची गुरगुर आपल्याला फक्त ते काम कुठे आणि किती वाजता करायचं हे सांगते.

आधी व्हेट

शेरूचं वय सातच्या पुढे असेल किंवा आधी तो इतर कुत्र्यांशी नीट वागत होता आणि आताच चिडायला लागला असेल, तर वागणुकीचं बघण्याआधी दुखणं बघा. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड आपल्याकडे घरोघरी आहेत आणि दोघांनाही खुब्याच्या सांध्याचा त्रास होतो. असा कुत्रा पडलेला असताना पिल्लाने कमरेवर उडी मारली तर तो दुसरं काय करणार? लॅबचे कान वारंवार बिघडतात, आणि पिल्लाला लोंबणारे कान फार आवडतात. दात आणि हिरड्याही तपासून घ्या.

पावसाळ्यात आणि नंतर गोचिडांचा उपद्रव वाढतो. टिक फीवर (गोचीड चावल्याने होणारा ताप) झालेला कुत्रा मलूल असतो, जेवण टाकतो, अंग गरम लागतं, हिरड्या फिकट दिसतात आणि त्याला कोणी जवळ नको असतं. रक्त तपासल्याशिवाय हे नक्की कळत नाही.

आधीची मादी असेल तर तिची पाळी कधी झाली ते आठवा. पाळीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी काही माद्यांना खोटी गर्भावस्था येते. त्या एखादं खेळणं किंवा कोपरा पिल्लासारखा राखत बसतात आणि खऱ्या पिल्लाला फिरकू देत नाहीत. त्या दिवसांत नवीन ओळख करून देऊ नये.

आता बिट्टू. सोसायटीच्या पार्किंगमधून उचललेलं देशी पिल्लू असो की विकत आणलेलं, लसीकरणाचा भरवसा नसेल तर साधारण दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. जंत, गोचीड, खरूज, खोकला यांतलं बरंच काही शेरूला लागू शकतं, आणि खरूज तर घरच्या माणसांनाही. पार्वो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा विषाणूचा आजार, शेरूच्या लसी पूर्ण असतील तर त्याला सहसा होत नाही. पण आजारी पिल्लू घरात येऊन गेलं असेल तर तो विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. एका भागाला तीस भाग पाणी घातलेलं साधं ब्लीच दहा मिनिटं फरशीवर राहू द्यावं, मग धुवून वाळवावी, तोवर दोघांनाही तिथे सोडू नये. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना. तारखा तुमचा व्हेट ठरवेल.

या दोन आठवड्यांचा दुसरा फायदा फार कमी लोक घेतात. बिट्टूच्या अंगाखालचं फडकं शेरूच्या खोलीत ठेवा, शेरूचं बिट्टूकडे. फडक्याजवळच शेरूला उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा तुकडा द्या. ओळख आधी नाकाने होऊ द्यावी, तोंडासमोर आणायची घाई नको.

अजून एक विचारून घ्या: पिल्लू किती दिवसांचं असताना आईपासून तोडलं? कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही "दीड महिन्याचं आहे, लगेच घेऊन जा" सर्रास ऐकू येतं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांत खेळताना शिकतं. ते अर्धवट शिकलेलं पिल्लू शेरूच्या कानाला लटकतं आणि सोडत नाही. तुमचं पिल्लू असं असेल तर खालचं सगळं जास्त दिवस चालेल, हे धरून चला.

गुरगुर कुठे आणि कधी

फ्रिजवर एक कागद लावा. गुरगुर झाली की वेळ, जागा आणि बिट्टू त्याआधी काय करत होता, एवढंच लिहायचं. शेरूने काय केलं ते लिहू नका, ते ठाऊकच आहे. तीन-चार दिवसांत कागद बोलायला लागतो. "दिवसभर सारखं चालू असतं" म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा दोन जागा आणि एक वेळ निघते.

*दार आणि पॅसेज.* पुण्यातल्या टू बीएचकेत हॉल आणि बेडरूम यांच्यामधला पॅसेज जेमतेम तीन-चार फुटांचा. टीपॉय आणि सोफा यांच्यामध्ये त्याहून कमी. दोन अनोळखी कुत्रे मोकळ्या जागी एकमेकांना वळसा घालून जातात, समोरासमोर सरळ चालत येत नाहीत. पॅसेजमध्ये वळसा घालायला जागाच नसते. टीपॉय महिनाभर बाल्कनीत ठेवा. शेरू दारात आडवा पडत असेल तर त्याची गादी तिथून हलवून अशा कोपऱ्यात ठेवा जिथून त्याला दोन बाजूंनी निघता येईल. लिफ्टमध्ये दोघांना एकत्र नेऊ नका. व्हिट्रिफाइड टाइल्सवर म्हातारा कुत्रा घसरतो आणि घसरण्याच्या भीतीने आधीच ताठलेला असतो. जुनी सतरंजी, पायपुसणी, योगा मॅट, काहीही अंथरा. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो करतच नाहीत.

*जेवण.* वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, म्हणजे तेवढ्या वेळा भांडणाची सोय. पंधरा मिनिटांनी दोन्ही भांडी उचलायची, रिकामी असली तरी, कारण रिकाम्या भांड्यावरूनही मारामाऱ्या होतात. पाण्याची भांडी दोन, दोन ठिकाणी. चघळायची हाडं आणि शेरूचं लाडकं खेळणं सध्या कपाटात. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली दोघं एकदम पोळीच्या तुकड्याची वाट बघत बसत असतील तर आजींना आधी विश्वासात घ्या. कुत्र्यांपेक्षा हे अवघड आहे, पण आजींचा तुकडा बंद झाल्याशिवाय ओट्याखालची गुरगुर थांबत नाही.

*माणूस.* बिट्टू आईच्या मांडीवर आणि शेरू समोरून बघतोय. शेरू ताठला की आई लाडाने म्हणते, "जळतोस होय रे?" जळतो की नाही कोणास ठाऊक, पण मांडी ही त्याच्यासाठी हाडासारखीच राखायची वस्तू झालेली असते. तो ताठला की आईने शांतपणे उठून चालायला लागायचं. वस्तूच उठून गेली की राखायला काही उरत नाही. शेरूला हाकलायचं नाही, बिट्टूला ढकलायचंही नाही.

*दाराची घंटा.* पार्सलवाला येतो, शेरू दाराकडे धावतो, बिट्टू पायात येतो आणि शेरूचा सगळा जोर त्याच्यावर निघतो. यात बिट्टूवर राग नसतो, पण चावा तेवढाच खरा. महिनाभर घंटेचं बटण बंद करा आणि दारावर "फोन करा" असा कागद चिकटवा. पुण्यात दारावर पाटी लावायला कोणाची हरकत नसते.

*संध्याकाळ.* याच्यावर जास्त लिहितो, कारण कागदावर सर्वांत जास्त नोंदी इथेच होतात. सहा ते नऊ. मुलं क्लासवरून येतात, ऑफिसची माणसं ट्रॅफिकमधून येतात, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही. बिट्टू घरभर वेड्यासारखा पळतो, शेरूच्या शेपटीला, कानाला, पायाला चावतो, हाकललं की दुप्पट जोराने येतो. घरचे म्हणतात, एनर्जी फार आहे, अजून खेळवा. बऱ्याचदा ते पिल्लू झोपेने मेलेलं असतं. या वयात त्याला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते, आणि सगळे लाड करायला टपलेले असल्याने ती मिळत नाही. तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, हा बेत ठेवा. झोप प्लेपेनमध्ये (जाळीचं छोटं कुंपण) किंवा क्रेटमध्ये (कुत्र्याचा पिंजरा), वर हलकी चादर टाकून, चघळायला काहीतरी देऊन. सुरुवातीला रडेल, म्हणून क्रेटची सवय दुपारी, तो पेंगत असताना लावा. भर संध्याकाळी कोंडलं तर क्रेटचाच तिटकारा बसतो. साडेपाच ते सात अशी झोप जमली की घरातली निम्मी गुरगुर जाते, हा माझा अनुभव, आणि त्यात शेरूला कोणी एक शब्दही शिकवलेला नसतो.

जाळी, दोरी आणि शेरूची जागा

घरात एक अडसर हवाच. लहान मुलांसाठी दाराला लावायची सेफ्टी गेट चालते. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं नको असतील तर दाबून बसवायची मिळते. बेडरूमच्या दाराला लावली की दोघं एकमेकांना बघू शकतात, हुंगू शकतात, पण पोचू शकत नाहीत. फ्लॅटच्या जाळीच्या सेफ्टी डोअरवर विसंबू नका, काहींच्या गजांमधून दोन महिन्यांचं पिल्लू सहज निसटतं आणि थेट जिन्यात जातं.

शेरूला दोन जागा अशा हव्यात की जिथे बिट्टू कधीच, एकदाही, पोचणार नाही. एक त्याची झोपायची, दुसरी जिथे घरची माणसं बसतात तिथली. दुसरी लोक विसरतात. शेरूला बेडरूममध्ये 'शांततेत' ठेवून सगळं घर हॉलमध्ये बिट्टूशी खेळत बसलं तर ती शिक्षाच.

बिट्टूला हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालून त्याला चार-पाच फुटांची हलकी दोरी लावा आणि घरात ती मागे फरफटू द्या, कोणीतरी बघत असतानाच. तो शेरूकडे निघाला की दोरीवर पाय ठेवायचा. मग नावाने हाक. वळून बघितलं की खाऊ. दिवसभरात सहज वीस-पंचवीस वेळा होतं, आणि काही दिवसांत बिट्टू शेरूकडे निघता निघता मधेच वळून तुमच्याकडे बघायला लागतो. हेच हवं असतं. पट्ट्याला ओढून लांब नेऊ नका, ताणलेल्या दोरीच्या टोकाला पिल्लू आणखी चेकाळतं.

शेरू स्वतःहून उठून दुसरीकडे गेला तर? त्याने योग्य तेच केलं. तिथे जाऊन त्याला खाऊ द्या आणि बिट्टूला मागे जाऊ देऊ नका. उठून जाता येतं आणि गेल्यावर कोणी मागे येत नाही, हे कळलेल्या कुत्र्याला गुरगुरायची फारशी गरज पडत नाही.

समोरासमोर

दोघांचं फिरणं, शी-शू झाल्यावर. प्रत्येकामागे एक माणूस. पाच-दहा मिनिटं पुरे, आणि सगळं छान चाललेलं असतानाच दोघांना वेगळं बोलवायचं. "मस्त खेळतायत, राहू दे अजून थोडा वेळ," याच्यातच गडबड होते.

पहिली भेट घराबाहेर, कोणाचीच नसलेल्या जागी झाली तर उत्तम. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा टेकडीवर खाली सोडायचं नाही. सोसायटीची गच्ची चालते, तिथे बाहेरचे कुत्रे येत नसतील तर. (सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मिळवणं हा स्वतंत्र विषय आहे.) नाहीतर बिट्टूला कडेवर घेऊन शेरूच्या बाजूने, दहा-बारा फूट अंतर ठेवून, एकाच दिशेला चालत राहायचं. एकाच दिशेला हे महत्त्वाचं. लसी झाल्यावर तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सकाळी लवकर दोघांना पट्ट्यावर असंच समांतर चालवा, अंतर रोज थोडं कमी करत. एप्रिल-मेमध्ये उन्हं वर येण्याआधी परत या, डांबराने पंजे पोळतात.

बघायचं काय? शेरू मान वळवतो, जांभई देतो, ओठ चाटतो: तो विनंती करतोय, बिट्टूला बोलवा. अंग लाकडासारखं ताठ, तोंड बंद, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय: आता बोलवत बसू नका, दोरी धरून लगेच बाजूला घ्या. पुढचे पाय खाली टाकून ढुंगण वर, अंग सैल, एकदा हा मागे एकदा तो मागे: खेळ आहे, चालू द्या.

क्षणभर भुंकला, हवेत दात वाजले, बिट्टू मागे सरकला आणि शेरूने तिथेच सोडून दिलं, तर तेही चालतं. पिल्लाला शिकायला ते लागतं. बिट्टू पडल्यावर, ओरडल्यावरही शेरू सोडत नसेल, दात लागून भोक पडलं असेल, तर ते शिकवणं नव्हे. दातांची भोकं वरून बारीक आणि आत खोल असतात, त्याच दिवशी व्हेटला दाखवा. पस्तीस किलोचा लॅब आणि तीन किलोचं पिल्लू असेल तर नुसत्या धडकेनेही हाड मोडू शकतं. पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत दोघांना नजरेआड एकत्र सोडू नका, दूध उतू जातंय म्हणून दोन मिनिटं आत गेलात तरी.

खरीच जुंपली तर हात मध्ये घालू नका. जाड चादर दोघांवर टाका, बादलीभर पाणी ओता, मोठा ट्रे किंवा उशी मध्ये सरकवा. माणसाला दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "घरचाच कुत्रा आहे, लसी झाल्यात" हे डॉक्टरांना सांगा, स्वतःला समजवायला वापरू नका.

"बॉस कोण ते दाखवा" म्हणणारे

शेरूला उताणा पाडून धरा, गळ्याला झटका द्या, शॉक कॉलर लावा, असं सांगणारे ट्रेनर अजून मिळतात. या 'अल्फा'च्या, म्हणजे दांडगाईने झालेल्या म्होरक्याच्या, कल्पनेचं मूळ पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे, १९४७ चं ते काम. लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेक यांच्या लिखाणातून हा शब्द जगभर गेला त्यांनीच पुढे १९९९ मध्ये मांडलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे असं पदासाठी भांडण नसतं. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. आधीच वैतागलेल्या कुत्र्याला पिल्लासमोर पाडलं तर पिल्लाबद्दल त्याचं मत काय होईल, एवढा साधा प्रश्न ट्रेनरला विचारून बघा.

चांगला माणूस आधी व्हेटचा रिपोर्ट मागतो, घर बघायला येतो, आणि बिट्टू दिवसभरात किती झोपतो हे विचारतो.

मिटलेलं पुन्हा सुरू होतं तेव्हा

सहा-आठ आठवड्यांत बहुतेक घरं रुळावर येतात, म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी जास्त लागतात. पण बिट्टू सहा-सात महिन्यांचा झाला की परत तक्रार येते. लहान पिल्लाला जी सूट मिळते ती या सुमारास संपलेली असते. तो वयात येतो, अंगाने शेरूएवढा होतो आणि शेरूने मान वळवली तरी दुर्लक्ष करतो. दोघंही नर किंवा दोघीही माद्या असतील तर ताण जास्त, आणि दोन माद्यांची भांडणं सर्वांत चिवट असतात. नसबंदीबद्दल व्हेटशी याआधीच बोलून ठेवा. जेवणाची दारं पुन्हा लावा, बिट्टूला दोरी पुन्हा बांधा. मागे गेलो म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

सगळं करूनही शेरू बिट्टूवर टपून बसत असेल, जेवण टाकत असेल, किंवा बिट्टू पलंगाखालून बाहेरच येत नसेल आणि हे महिनोन्महिने चालू असेल, तर बिट्टूसाठी दुसरं चांगलं घर शोधणं हा पर्याय आहे. लोक काय म्हणतील याचा विचार करून दोन जनावरांना दहा वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत डांबू नये. घर शोधायला पिल्लूपणीच सोपं जातं, वर्षभर थांबलात तर फार अवघड.

आणि कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, मग दहा दिवस मिरवणुका, मग दिवाळीचे फटाके. आवाजाने बिथरलेला शेरू जवळ असेल त्याच्यावर निघतो, आणि जवळ बिट्टू असतो. नवीन पिल्लू या दिवसांत आणू नका. आधीच आणलेलं असेल तर संध्याकाळी सातपासून दोघं वेगळ्या खोल्यांत, खिडक्या बंद, पंखा मोठा, प्रत्येकाला चघळायला स्वतःचं काहीतरी, आणि फिरवणं अंधार पडायच्या आत उरकलेलं. शेरू दरवर्षी फटाक्यांना फार घाबरत असेल तर औषधासाठी व्हेटला आधीच्या आठवड्यात गाठा, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी फोन उचलत नाही.